रिकाम्या खुर्चीवर कोण बसलंय?

नववीच्या मुलांना चित्रकलेच्या तासाला घरून आरसा आणायला सांगितला होता. वर्गात बासष्ट मुलं, आरसे आले सतरा. त्यातले दोन स्कूटीचे. बाकीच्यांनी विसरलो म्हणून सांगितलं. एरवी रंगपेटी न विसरणारी मुलं आरसाच कसा विसरली, हे मला तेव्हा कळलं नाही. आहेत ते आरसे बाकाबाकावर फिरवत मी फळ्यावर चेहऱ्याची मापं काढून दिली. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा असते, कान भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत. हे शिकवायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण तास संपल्यावर जी चित्रं हातात आली त्यांत एकच चेहरा पुन्हा पुन्हा होता. धारदार नाक, बदामी डोळे, मुलगी असेल तर कपाळावर एक बट. मुरूम एकाच्याही गालावर नव्हता. दात थोडे पुढे असलेल्या मुलानं तोंड घट्ट मिटून घेतलेलं. एका मुलीनं आरसा असा तिरका धरला होता की त्यात वर्गातला पंखा तेवढा दिसत होता, आणि तिनं इमानेइतबारे पंखाच काढला होता.

ते पंख्याचं चित्र मी अजून जपून ठेवलंय. त्या दिवशी वर्गात जे बघून काढलं गेलं, ते तेवढंच.

चौदाव्या-पंधराव्या वर्षी चेहरा दर महिन्याला बदलत असतो. आवाज फुटतो, मिसरूड येतं, नाक आधी वाढतं आणि बाकीचा चेहरा मागाहून त्याला गाठतो. ज्या तोंडाशी स्वतःचीच अजून नीट ओळख झालेली नाही त्याच्याकडे टक लावून बघ, तेही शेजारी मैत्रीण बसलेली असताना, असं मी त्यांना सांगत होते. शिवाय या मुलांना आपला चेहरा माहीत असतो तो मोबाइलमधला, गाल गुळगुळीत करून दाखवणाऱ्या फिल्टरमधला. स्कूटीच्या आरशात दिसणारा चेहरा त्यांना परका वाटतो.

मी ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून शिकवायला लागले त्याला एकोणीस वर्षं झाली. आमची शाळा सोलापुरात, गावाच्या मधोमध आहे, त्यामुळे दोन्हीकडची मुलं येतात. काही पूर्व भागातली. तिकडं गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खटखट पायाखालच्या फरशीतून जाणवते, आणि उंबऱ्याशी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात. काही होटगी रोड, विजापूर रोडकडची, ज्यांचे आईवडील डॉक्टर, वकील, बँकेत नोकरीला. एकाच बाकावर घरी तेलुगू बोलणारा, कन्नड बोलणारा, दखनी बोलणारा आणि मराठी बोलणारा असे चौघं बसतात, आणि डबा मात्र एकमेकांचा खातात. यातली बरीच मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसतात. माठ, शेजारी तांब्या, मागे सोडलेला कपडा, कपड्याच्या चुण्या. स्थिरचित्र त्यांचं छान येतं. संकल्पचित्रात रंग रेषेबाहेर जात नाही. हात तयार आहे. त्या तयार हाताला स्वतःबद्दल चार शब्द बोलायची वेळ आली की तो ठरावीक चेहरा काढून मोकळा होतो, हे मला त्या तासानं दाखवलं.

पुढच्या आठवड्यात मी आरसे आणू नका म्हटलं. वर्गातली लाकडी खुर्ची टेबलावर चढवून ठेवली आणि विचारलं, "समजा तुम्ही इथं बसला होतात आणि उठून गेलात. खुर्चीवर काय राहिलं असेल तर तुमच्या आईला कुणी न सांगता कळेल, की इथं माझंच लेकरू बसलं होतं?"

"दप्तर," एकजण म्हणाला. दप्तर सगळ्यांचंच असतं. "मोबाइल." तोही सगळ्यांचा. मग वर्ग गप्प झाला.

तेव्हा मी दोन छापील चित्रं फळ्यावर लावली. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या चित्रकारानं १८८८ सालच्या अखेरीस फ्रान्समधल्या आर्ल गावी दोन खुर्च्या रंगवल्या. एक स्वतःची, एक त्याचा चित्रकार मित्र पॉल गोगँची, जो तेव्हा काही आठवडे त्याच्याकडे राहायला आला होता. व्हिन्सेंटची खुर्ची साधी पिवळी लाकडाची, विणलेल्या गवताची बैठक, तिच्यावर पाइप आणि तंबाखू, खाली लाल फरशी. मागे एका खोक्यात मोड आलेले कांदे, आणि खोक्यावर त्याची सही. गोगँची खुर्ची हातांची, खाली गालिचा, वेळ रात्रीची, बैठकीवर पेटती मेणबत्ती आणि दोन पुस्तकं. दोन्ही चित्रांत माणूस नाही. मी काहीच सांगितलं नाही, कोण कुठला तेही नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हा आपल्यातला हाय. तो साहेब हाय." दुसरा म्हणाला, "ह्याला लवकर झोप येती, त्याला येईना." एका मुलीला कांदे आवडले. ती म्हणाली, मोड आलेत म्हणजे बरेच दिवस कुणी स्वयंपाक केला नाही.

मी त्या कांद्यांकडे इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

वहीत लिहायला शब्द दिला होता 'प्रतीकात्मक आत्मचित्र'. हा शब्द कागदावर फार जड दिसतो. तो सोपा केला तो एका मुलानंच. "म्हणजे आपल्या नंदीध्वजावानी का?" असं त्यानं विचारलं, आणि मी खडू खाली ठेवला.

सोलापूरबाहेर राहणाऱ्यांसाठी सांगते. आमचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर. त्यांच्याशी लग्न करायचं म्हणून एक कुंभारकन्या हटून बसली. ते संन्यस्त, त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, अशी कथा आहे. तो सोहळा दर संक्रांतीला गावात होतो. त्या योगदंडाचं प्रतीक म्हणून सात नंदीध्वज, म्हणजे उंच लाकडी दंड, निघतात, ते पेलणारे मानकरी पांढऱ्या बाराबंदीत असतात, भोगीच्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. पोटाशी पट्टा बांधून तो उंच दंड तोलत नेणारा माणूस जवळून पाहिला की कळतं, लोकांच्या लेखी तो लाकडाचा दांडा राहिलेला नसतो. नवरदेव आहे तो. गावातलं शेंबडं पोरही त्याला तसंच बघतं. मग या पोरांना प्रतीक म्हणजे काय ते मी कुठल्या तोंडानं शिकवणार होते? ते त्यांना गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, फिरताना, पाळण्याच्या रांगेत उभं राहूनच कळलेलं होतं.

त्यानंतर वर्ग सुटला. एकीनं पालखीचं सांगितलं, की वारीला पालखीत माउलींची मूर्ती नसते, पादुका असतात, आणि लोक त्या पादुकांनाच माउली म्हणतात. एकानं देवक काढलं. त्याच्या चुलतभावाच्या लग्नात पाच झाडांची डहाळी पुजली होती, दुसऱ्याच्या घरी कळंब असतो. आपल्या कुळाचं चित्र काढायला माणसाचा चेहरा लागत नाही, झाडाची फांदी पुरते, हे आपल्याकडे किती जुनं आहे! मी तास संपल्याची घंटा ऐकलीच नाही. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले तेव्हा कळलं.

मग खरं काम सुरू झालं, आणि पहिली अडचण आली ती तयार मालाची. पहिल्या खेपेला कच्ची चित्रं मागितली तर पिंजऱ्यातला पक्षी नऊ. तडकलेलं बदाम चौदा. अर्धा हसरा अर्धा रडका मुखवटा, विझत आलेली मेणबत्ती, साखळीनं बांधलेले हात. हे सगळं मोबाइलवर एका बोटासरशी मिळतं. मुलं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. दुःख त्यांचं होतं, पण चित्र उसनं आणलेलं होतं. तेव्हापासून माझा एक नियम आहे, की जी वस्तू हातात धरून वर्गात आणता येत नाही ती चित्रात चालणार नाही. पिंजऱ्यातला पक्षी आणायचा तर आणा. कुणी आणत नाही.

वस्तू येतात त्या दिवशी माझं टेबल बघावं. माग बंद पडल्यावर खिशात राहून गेलेली सुताची कांडी. तीन जागी चिकटपट्टी गुंडाळलेला चार्जर. आजोबांचा अडकित्ता. श्रवणयंत्राची बटणाएवढी बॅटरी, ती ज्याची होती त्यानं मुठीतून आणली आणि मुठीतच ठेवली. नळीचा तुकडा. आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, येतं तेव्हा कधी पहाटे, कधी मध्यरात्री. ज्या मुलीनं नळी आणली तिच्या घरी उठून मोटर लावायची पाळी तिची आहे. एकानं काहीच आणलं नाही. तो म्हणाला, माझे उंबरे तीन आहेत, ते कसे आणू? घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड. त्याच्यासाठी नियम मोडला. त्यानं तीन उंबरे काढले आणि त्यांच्यासमोर एकच चपलांचा जोड, मधल्या उंबऱ्याकडे तोंड करून.

मंगळवेढ्याकडच्या एका गावातून आलेला, वसतिगृहात राहणारा मुलगा कडक भाकरी घेऊन आला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, शेंगाचटणीचा तेलकट डाग कागदावर उमटलेला. आई एकदम वीस-पंचवीस भाकऱ्या पाठवते, त्या टिकतात. मी त्याला म्हटलं, आज प्रतीक वगैरे विसर, ही आहे तशी काढ. पूर्ण तास तो फक्त भाकरी बघत होता. तिची कड कुठं जाड आहे, कुठं पापुद्रा सुटलाय, तव्याचे काळे डाग कुठं एकत्र आलेत आणि कुठं विरळ झालेत. चार बी पेन्सिलीनं त्यानं एकेक डाग भरला. पुढच्या तासाला त्यानं त्याच डागांमधून एक बारीक रेघ काढत नेली, एका मोठ्या डागाला वळसा घालून कडेपर्यंत. मी शेजारी उभी होते. तो मान वर न करता म्हणाला, "एसटीचा रस्ता हाय मॅडम. हा तळ्याचा."

आधी बघा, हे मी यासाठीच इतकं धरून ठेवते. डागाडागानं काढलेली भाकरी त्याच्या गावाचा नकाशा होऊ शकली. गोल काढून आत चार ठिपके दिले असते तर ती कुठल्याही धाब्याच्या पाटीवरची भाकरी झाली असती. रस्त्यावरच्या गतिरोधकाच्या पाटीला एकच अर्थ असतो, तो सगळ्यांना सारखा कळायलाच हवा, नाहीतर अपघात होईल. ते चिन्ह. प्रतीकाचं तसं नसतं. ते ज्याचं आहे त्याला पूर्ण कळतं, जवळच्याला अर्धं, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला नुसती भाकरी दिसते. या वयाच्या मुलांना नेमकी हीच सोय हवी असते. सांगायचंही असतं आणि सांगायचं नसतंही.

हे मला एका मुलीकडून कळलं, आणि त्याची किंमत तिनं मोजली. हा प्रयोग सुरू केला त्याच्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. तिनं हात काढला होता. स्वतःचा उजवा हात, कागदभर, तळवा वर. रेषा मोजक्या, बोटांची पेरं अचूक. रंग पोस्टर कलरचे, पण तिनं ते पाण्यासारखे पातळ करून एकावर एक दिले होते. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बाकी हातापेक्षा वेगळी होती, पिवळट तपकिरी, नखाच्या कडेला जास्त गडद. असा रंग नववीतल्या मुलीनं मिसळावा याचा मला इतका आनंद झाला, की मी तिचं चित्र उचलून वर्गापुढे धरलं. म्हटलं, "बघा, रंग बघा! हा तंबाखूचा रंग आहे ना गं? तू घरी विड्या वळतेस?"

वर्ग तिच्याकडे वळला. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललं नाही. तिनं हात बाकाखाली घेतले.

विड्या वळणं यात लाजण्यासारखं काय आहे, असं मी म्हणू शकले असते. या गावातल्या कितीतरी घरांची चूल आणि मुलांच्या फिया त्याच कामावर निघाल्या आहेत. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची. हजाराच्या हिशेबानं मजुरी, आणि वरून छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, काढली जाते ती वेगळीच. पण तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण होटगी रोडची होती, आणि तिला हे ठाऊक नव्हतं. ते कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे ठरवणं तिच्या हातात होतं. ते मी तिच्या हातातून काढून घेतलं. कौतुक करायच्या भरात घेतलं, एवढाच काय तो फरक.

पुढच्या तासाला तिनं दुसरं चित्र दिलं. गुलाबाचं फूल, दोन पानं, एक दवबिंदू. हाताचं चित्र कुठं आहे विचारलं तर म्हणाली, पाण्यात पडलं.

ती दहावी होईपर्यंत माझ्या वर्गात होती आणि सगळी चित्रं वेळेवर देत राहिली. सगळी नीटनेटकी. मी तिची माफी मागितली, ती "असू दे की मॅडम" म्हणाली, आणि तरी त्या हातासारखं काही तिनं पुन्हा काढलं नाही. आता ती नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी नवी पेठेत भेटली, तेव्हा मी हे सगळं लिहू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "लिहा. पण रंग कसा केला होता तेबी लिहा." म्हणून लिहिते. आधी पिवळ्या मातकट रंगाचा पातळ हात, तो वाळल्यावर तपकिरी, आणि नखांच्या कडेला, तिनं सांगितल्याप्रमाणे, चहाचं कोरं पाणी.

तेव्हापासून मी चित्राचा अर्थ विचारत नाही. ज्यांना लिहायचा असेल त्यांनी चिठ्ठीवर लिहावा, घडी घालावी, चित्राच्या पाठीमागे डिंकानं चिकटवून टाकावा. ती चिठ्ठी मी उघडत नाही. गुण देते ते रेषेला, रंगाला, मांडणीला, किती बघून काढलंय त्याला. वर्गात माझे प्रश्न असतात ते चित्राचेच. हे इतकं मध्यभागी हवंय का? सावली कुठल्या बाजूला पडेल? हा कोपरा रिकामा ठेवायचाय की राहून गेलाय? आश्चर्य असं, की अर्थ विचारायचा सोडल्यापासून मुलं आपण होऊन जास्त बोलतात.

मग मी त्यांना फ्रिडा काहलो दाखवते. मेक्सिकोची चित्रकार. १९२५ साली, अठराव्या वर्षी बसचा अपघात झाला, पाठीचा कणा मोडला, अंथरुणाला खिळली, आणि पलंगावर वर लावलेल्या आरशात बघत स्वतःलाच रंगवायला लागली. पुढं आयुष्यभर पन्नासहून जास्त आत्मचित्रं केली. १९४० सालच्या एका चित्रात तिच्या गळ्यात काट्यांची माळ आहे, काटे मानेत रुतलेत, माळेला मेलेला हमिंगबर्ड लटकतोय, एका खांद्यामागे माकड, दुसऱ्या खांद्यामागे काळं मांजर. चेहरा मात्र शांत. त्या पक्ष्याचा अर्थ काय, यावर जाणकार आजही वेगवेगळं बोलतात. मुलांना हे ऐकून फार बरं वाटतं. एवढी मोठी बाई, जगभर गाजलेलं चित्र, आणि तिलाही सगळं फोडून सांगावं लागलं नाही.

"चेहराच काढला नाही तर चालंल का?" हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतं. त्याला मी आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण देते. मकबूल फिदा हुसेन, जन्म १९१५, पंढरपूर. तान्हे असतानाच आई गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलं, म्हणजे नटनट्यांचे वीस-वीस फुटी चेहरे काढणारा हा हात. त्याच हातानं मदर तेरेसांना रंगवलं तेव्हा निळ्या काठाची पांढरी साडी काढली आणि चेहऱ्याची जागा मोकळी सोडली. एवढं सांगून मी थांबते. आई नसलेलं एखादं मूल वर्गात असतंच. मी त्या बाकाकडे मुद्दाम बघत नाही.

एक गोष्ट मात्र इथंच सांगायला हवी. झाकण्याचा हक्क म्हणजे मूल एकटं पडू देणं नव्हे. क्वचित एखादं चित्र असं येतं की पोटात गोळा येतो. तेव्हा ते चित्र वर्गात राहत नाही. त्या मुलाशी एकट्यानं, दार उघडं ठेवून बोलायचं, मुख्याध्यापकांना सांगायचं, गरज पडली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करायचा. हे प्रत्येक कलाशिक्षकाला तोंडपाठ हवं, कारण अशा गोष्टी गणिताच्या वहीत उमटत नाहीत, चित्राच्या कागदावर उमटतात.

आता चादरीचं सांगते. गेल्या वर्षीच्या वर्गातला मुलगा. वस्तू आणायच्या दिवशी तो घडी घातलेली चादर घेऊन आला. आपली सोलापुरी, जेकार्डची, वापरून मऊ झालेली. वरून लालावर पांढरा मोर, उलटी केली की पांढऱ्यावर लाल मोर. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. खोली एकच. मी त्याला चादर टेबलावर पसरून काढायला सांगितलं, पण तो म्हणाला, अशी नाही, आणि घरून मोबाइलवर फोटो काढून आणू का विचारलं. फोटो नको म्हटलं, बघून ये आणि काढ. असं तीन आठवडे चाललं. तो रोज दुपारी घरी बघायचा आणि मंगळवारी माझ्या तासाला काढायचा.

जेकार्डच्या मागावर नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर असते. जिथं भोक असेल तिथं उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो, आणि आडव्या धाग्याच्या एका फेकीला एक कार्ड सरकतं. आधी ते सगळं चौकटीच्या कागदावर घर मोजून काढलेलं असतं. या मुलाला ते माहीत होतं. त्यानं मोर पेन्सिलीनं घर घर मोजून काढला, पायऱ्यापायऱ्यांच्या कडेचा, विणीत दिसतो तसा. फक्त चादर सपाट नव्हती. खाली कुणीतरी झोपलेलं होतं. गुडघा वर आलेला, तिथं मोराची मान मोडून पलीकडे उतरलेली. खांद्याशी पिसारा ताणला गेलेला. डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलेलं, म्हणून चेहरा नाही, केस नाहीत, काही नाही. चुणीत जाणारी आणि पुन्हा बाहेर येणारी नक्षी इतकी बरोबर जुळवणं मलाही जमलं नसतं.

कागदाच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, अनवाण्या पावलांची बोटं होती. दहा बोटं, टाचा उचललेल्या, फरशीवर फक्त चवड्यांची सावली.

मी नियमाप्रमाणे अर्थ विचारला नाही. एवढंच म्हटलं, की बोटं कागदाच्या फार कडेला गेलीत, फ्रेम केली तर कापली जातील, थोडी आत घेतोस का? त्यानं मान हलवली. "तितूनच जातो मी," तो म्हणाला. "मधून गेलं की पप्पांना जाग येती."

त्यानं चिठ्ठी चिकटवली नाही. बोटं कडेलाच राहिली, मी फ्रेमवाल्याला मोठा माउंट करायला सांगितलं.

स्नेहसंमेलनाला आम्ही वरच्या व्हरांड्यात चित्रं लावतो. ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच, नावाशिवाय, खाली फक्त इयत्ता. दर वर्षी वर्गातली बरीच मुलं नको म्हणतात आणि त्यांची चित्रं कपाटात राहतात. या मुलानं दोन दिवस विचार करून हो म्हटलं. इथं लिहायलाही त्याची आणि त्याच्या घरच्यांची हरकत नाही, ते विचारून घेतलंय.

त्याचे वडील संध्याकाळी पाळीवर जाण्याआधी आले होते, हातात डबा. पालक सहसा आपल्या मुलाचं चित्र कुठलं ते विचारतात. त्यांनी विचारलं नाही. एका टोकापासून बघत आले आणि चादरीपाशी थांबले. आधी नक्षी बघितली. जवळ जाऊन, बोट कागदापासून अंतरावर धरून, मोराच्या गळ्याची घरं मोजल्यासारखी. "बरोबर हाय," स्वतःशीच म्हणाले. मग एक पाऊल मागे सरले, तेव्हा त्यांना चादरीखालचा माणूस दिसला असावा, कारण ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वाकले आणि कोपऱ्यातल्या बोटांकडे बघितलं.

"मॅडम, ही पावलं कुणाची?"

मला सांगता आलं असतं. सांगायची फार इच्छा झाली. "त्यालाच विचारा," मी म्हटलं.

मुलगा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, दाराला टेकून उभा होता. वडिलांनी तिथूनच त्याला हाक मारली. मागावर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा आवाज, खटखटीवरून पलीकडे पोचायला मोठा झालेला. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. "आरं, ही पावलं कुणाची काढलीस?"

तो आला. गर्दीतून, भिंतीच्या कडेकडेनं, चपलांचा आवाज न करता. वडिलांजवळ उभा राहून काहीतरी म्हणाला. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी डबा खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकले आणि कान त्याच्या तोंडाजवळ नेला.